शाब्बास म्हणणारा पोपट

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ड्रॉइंगसर चित्रं शब्दांत उतरवत होते. सदतीस वर्षं शाळेत त्यांनी मुलांना एकच गोष्ट सांगितली होती: "बघ. नीट बघ. अजून बघ." आणि निवृत्तीनंतर त्यांना काम मिळालं होतं ते ज्यांना बघता येत नाही अशा मुलांसाठी. खाली चष्म्याचं दुकान आणि वर हे काम, या योगायोगावर ऑफिसातल्या प्रत्येकाचा एकेक विनोद करून झाला होता. सरांचे स्वतःचे तीन झाले होते.

काम असं. ही संस्था मुलांना इंटरनेटवरून गणित शिकवायची. डोळ्यांनी बघू न शकणारी मुलं कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम वापरतात. तो पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. अक्षरं असली की घडाघडा वाचतो, पण चित्र आलं की गडी गप्प. नुसतं "चित्र" एवढं म्हणून पुढे सरकतो. म्हणून प्रत्येक चित्रामागे एक वर्णन लिहून ठेवायचं. ते पडद्यावर दिसत नाही, पण या प्रोग्रॅमला वाचता येतं. मुलं त्याला पोपट म्हणत. पढवाल तेवढंच बोलतो, म्हणून.

सरांना या कामावर घेणारी परीक्षा विभागाची प्रमुख त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. तिच्या हाताखाली आता बारा माणसं होती, गणितातल्या दोन पदव्या होत्या, पण सरांच्या लेखी ती सात पायांचा घोडा काढणारी मुलगीच राहिली. तेव्हा सरांनी विचारलं होतं, "बाळ, घोड्याला पाय किती असतात?" तर म्हणाली होती, "सर, तो पळतोय ना, मग तेवढे दिसतात." सरांनी दहापैकी नऊ दिले होते.

"एक कशाबद्दल कापलात?" ती अजून विचारायची.

"नाल ठोकायला विसरलीस."

प्रमुखबाईंनी सरांना बजावलं होतं, "सर, मुलाला चित्र कळलं पाहिजे, बस." आणि सरांनी ते मनावर घेतलं. एकेका चित्रावर ते अर्धा अर्धा तास बसत. समोर कुणी मूल आहे, पाटीवर वाकलं आहे, अडलं आहे, अशी कल्पना करत आणि त्याच्या कानाशी बोलल्यासारखं लिहीत. सरांचा स्वभावच तसा. मूल अडलेलं त्यांना बघवत नसे. शाळेत असताना ते इतके चटकन मदतीला धावत, की वर्गातली निम्मी चित्रं त्यांच्याच हातची असत, असं त्यांचे सहकारी म्हणत.

संस्थेचा सुट्टीतला गणितवर्ग दरवर्षी चाळीस मुलांसाठी भरे. त्याच्या प्रवेशपरीक्षेला नऊशे मुलं बसत. यंदा पहिल्यांदाच पोपट वापरणारी सात मुलंही बसणार होती. मुख्य परीक्षेआधी एक सराव परीक्षा झाली. त्यातली वीस चित्रं सरांनी शब्दांत उतरवली होती. निकाल आला आणि सर खूश झाले. सातही मुलांना चित्रांच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी! त्यांनी घरी जाताना बिस्किटांचा मोठा पुडा नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात टपटप आवाज आला. आधी पांढरी काठी दिसली, मग बारा वर्षांची, दोन वेण्यांची एक मुलगी. मागे हाताला वंगणाचे डाग असलेला, धापा टाकणारा एक माणूस.

"भिंगरी, हळू! पायऱ्या मोज!"

"मोजल्या, बाबा. एकवीस. चित्रांचं लिहिणारे कुठे बसतात?"

सर उठून उभे राहिले. "मी, बाळ. ये, बस. काय झालं?"

"मला शंभर मिळालेत," मुलगी म्हणाली.

"शाब्बास!"

"बघा! परत तेच!" तिने काठी जमिनीवर आपटली. "तुम्ही मला फसवलंत, आजोबा!"

ऑफिसात सगळ्यांच्या माना वळल्या. तिचे बाबा कासावीस झाले. त्यांचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते बंद ठेवून ते आले होते. "सर, राग मानू नका. हिच्या जिभेला ब्रेक नाही. मी कितीही आवळला तरी लागत नाही."

"राग कसला? बोलू द्या तिला."

भिंगरीने पिशवीतून टॅबलेट काढला. पोपट बोलायला लागला, पण इतक्या वेगाने की सरांना फक्त कटकट ऐकू आली. "थांबा, तुमच्यासाठी हळू करते," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तशा सुरात. मग पोपट सावकाश, स्पष्ट बोलला:

"प्रश्न नऊ. आकृतीतील कोन ओळखा. चित्र. एक त्रिकोण आहे. त्याच्या दोन बाजू सारख्या आहेत, म्हणून खालचे दोन्ही कोनही सारखे, सत्तर सत्तर अंशांचे. मग वरचा किती उरला बरं? बरोबर, चाळीस! शाब्बास."

मग टायपिस्ट पोराने तोंडावर रुमाल धरला. प्रमुखबाई आपल्या खोलीतून बाहेर येऊन दारातच थबकल्या होत्या.

"आणि हे ऐका," भिंगरी म्हणाली.

"प्रश्न चौदा. चित्र. एक वर्तुळ, त्याचे आठ समान भाग. तीन रंगवलेले. म्हणजे आठातले तीन. घाई करू नकोस, बाळा."

आता मात्र सगळं ऑफिस हसलं. भिंगरीचे बाबा हसले, प्रमुखबाई दाराला टेकून हसल्या, शेवटी सरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"मी उत्तर सांगून बसलो," ते म्हणाले.

"सगळी वीस. पहिल्या दोनला मला वाटलं मी फारच हुशार आहे. तिसऱ्याला कळलं. मी बाकीच्या सहा जणांना फोन केला, की हे सांगायला पाहिजे. तर त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं." भिंगरीने काठी सरळ धरली. "मला त्या वर्गात जायचंय, आजोबा. पण माझं मी जायचंय. असं कडेवर बसून नाही."

सरांना आपला वर्ग आठवला. एवढ्या वर्षांत कुणी मूल त्यांना म्हणालं नव्हतं, की सर, माझी पेन्सिल मला परत द्या. कदाचित म्हणायला हवं होतं.

प्रमुखबाईंनी ही गोष्ट परीक्षा समितीला कळवली. कळवणं भाग होतं. संध्याकाळी समितीचं उत्तर आलं आणि त्याने साऱ्यांच्या हसण्यावर पाणी पडलं. मुख्य परीक्षेत या सात मुलांना चित्रांचे प्रश्न द्यायचेच नाहीत. पन्नासातले वीस प्रश्न वगळून त्यांचा फक्त तीस प्रश्नांचा वेगळा पेपर काढायचा, म्हणजे कटकट नको.

"मग निदान गुण त्या प्रमाणात धरतील?" सरांनी विचारलं.

"नाही ना. शंभरपैकी साठच गुण हातात. गेल्या वर्षी चाळिसावा आलेला मुलगा एकोणऐंशीवर होता." प्रमुखबाईंनी कपाळाला हात लावला. "त्या मुलीने खरं बोलून स्वतःचीच वाट बंद केली, सर."

"तिने नाही. मी केली," सर म्हणाले. "मुख्य परीक्षा कधी?"

"पुढच्या शनिवारी."

"चित्रं तयार आहेत?"

"वीसच्या वीस. मीच काढलेत प्रश्न."

"मला बुधवारपर्यंत वेळ दे. मी अशी वर्णनं लिहितो, की चित्र दिसेल आणि उत्तर दिसणार नाही. समितीने तपासावं. नाही पटलं तर काढा चित्रं."

प्रमुखबाईंनी फोन लावला, वीस मिनिटं समितीचं डोकं खाल्लं आणि बुधवार मिळवला. तोही "एकच संधी" या अटीवर.

घरी सर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. समोर काकू भाजी निवडत होत्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, तीस वर्षं. न दिसणाऱ्या माणसांशी बोलणं हा त्यांचा पेशाच होता. चित्रकलेशी मात्र त्यांचं वाकडंच. त्यांनी एकदा काढलेल्या मांजराला पाहुण्यांनी किटली म्हटलं होतं.

सरांनी पहिलं वर्णन वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "अहो, नुसतं वाचून काय कळणार? द्या इकडे पेन्सिल. तुम्ही सांगा, मी काढते. माझ्या हातून बरोबर उतरलं, तर कुणाच्याही उतरेल."

"अगं, तुझ्या हातून?"

"म्हणूनच तर म्हणते!"

सरांना ते पटलं. त्यांनी चित्र आपल्याकडे उभं धरलं, काकूंनी पाठ फिरवली, आणि खेळ सुरू झाला.

"एक चौकोन आहे. त्याच्या पोटात तिरकी रेघ."

"कुठून कुठे तिरकी?"

"अशी, इकडून तिकडे."

"अहो, मला पाठीला डोळे आहेत का? फोनवर मला कुणी सांगितलं असतं ना, की इकडून तिकडे जोडून द्या, तर मी लाईनच कापली असती."

सरांनी जीभ चावली. सदतीस वर्षं फळ्याकडे बोट दाखवून "हे बघा, हे असं" म्हणण्याची सवय. बोट काढून घेतलं तर त्यांच्या वाक्यांत उरत काय होतं? त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "चौकोनाच्या टोकांना नावं आहेत. वर डावीकडे क, तिथून उजवीकडे फिरत ख, ग, घ. एक रेघ क पासून ग पर्यंत."

"हं. आता बोललात." पेन्सिल खरखरली. "मग काय, या चौकोनाचे दोन सारखे तुकडे झाले ना?"

"ते तू सांगायचं. मी नाही."

"वा! आज पहिल्यांदा तुम्ही काहीतरी सांगायचं थांबलात."

चार सकाळी असंच चाललं. कधी काकूंचा त्रिकोण कागदाबाहेर जाई, मग सर वर्णनात "लहान" असं घालत. कधी काकू चित्र न काढताच उत्तर देऊन मोकळ्या होत, मग सर अख्खं वर्णन खोडत. कारण काकूंना पेन्सिल न उचलता उत्तर आलं, म्हणजे सरांनीच ते कुठेतरी सांडलेलं असे. हळूहळू त्यांना आपला नियम सापडला आणि त्यांनी तो मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला: "दिसतं ते सगळं. समजतं ते काही नाही."

"हे माझ्याबद्दल आहे का?" काकूंनी दूध काढताना विचारलं.

सतराव्या चित्राशी सर अडले. साधा त्रिकोण. बाजूंवर आकडे: आठ, चार, तीन. त्याच्या कडेकडेने कुंपण घालायचं, तर किती लांब लागेल? एवढाच प्रश्न. पण सरांच्या नजरेला काहीतरी खुपत होतं. आठ लिहिलेली बाजू चार लिहिलेल्या बाजूच्या दुप्पट दिसत नव्हती, जेमतेम दीडपट होती. त्यांनी ऑफिसात जाऊन प्रमुखबाईंना दाखवलं.

"सर, भूमितीतली चित्रं मापात नसतात," त्या हसून म्हणाल्या. "तुमचा ड्रॉइंगचा डोळा इथे बाजूला ठेवा. खाली लिहिलंय बघा, चित्र मापात नाही."

"बरं बाई." सरांनी वर्णनात तेवढंच लिहिलं. त्रिकोण. बाजूंवर लिहिलेले आकडे आठ, चार आणि तीन. चित्र मापात नाही. दिसतं ते सगळं.

बुधवारी समितीचे तीन सभासद फोनवर आले. त्यांना चित्रं न दाखवता प्रमुखबाईंनी पोपटाच्या आवाजात वर्णनं ऐकवली आणि कागद घेऊन सोडवायला सांगितलं. सोळाव्या प्रश्नालाच वेळ संपला. तिघांपैकी दोघांची तीन तीन उत्तरं चुकली होती आणि तिसरे गृहस्थ किती चुकली ते सांगायला तयार नव्हते. "हे काही सोपं नाही हो," ते घसा खाकरून म्हणाले. "असू द्या चित्रं."

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्वतः भिंगरीला फोन केला.

"चित्रं आहेत?" ती ओरडली. मग लगेच व्यवहारावर आली. "आजोबा, बाकीच्या मुलांना कच्चं काम करायला कोरा कागद देतात ना? मला पण कच्चं काम पाहिजे."

"कागद घेऊन काय करशील?"

"कागद नको. स्पोक."

बाबांच्या दुकानात मोडक्या चाकांच्या तारा पडलेल्या असत. भिंगरीसाठी त्यांनी त्या एक सेंटिमीटरपासून पंधरा सेंटिमीटरपर्यंत कापल्या होत्या, टोकं घासून गुळगुळीत केली होती आणि प्रत्येक तारेवर कानशीने मापाएवढ्या खाचा पाडल्या होत्या. एका फळीवर जुन्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं होतं. त्यावर तारा ठेवल्या की घसरत नसत. भिंगरी ऐकत जाई आणि बोटांनी आकृती मांडत जाई. सरांनी ती फळी ऑफिसात आणून दाखवली, तेव्हा प्रमुखबाई एकेका तारेवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी समितीला एका ओळीत लिहिलं: "सात मुलांना कच्च्या कामासाठी तारा मिळतील." त्यावर "तारा म्हणजे काय?" असा उलट प्रश्न आला, पण तोवर सायकलवाल्यांनी सात संच कापून पाठवलेही होते.

शनिवारी ऑफिसातल्या मोठ्या खोलीत सात मुलं कानांना हेडफोन लावून बसली. बाकीची नऊशे मुलं आपापल्या घरून त्याच वेळी तोच पेपर सोडवत होती. सर बाहेरच्या बाकावर बसले, त्यांच्या शेजारी सायकलवाले. दाराच्या काचेतून दोघे आळीपाळीने डोकावत होते.

"ती डोकं खाजवतेय," सायकलवाले म्हणाले.

"खाजवू द्या."

"सर, मांडून मोडतेय. परत मांडतेय. परत मोडतेय."

सरांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं झाली. भिंगरी त्याच तीन तारांशी झटत होती. बाकीची मुलं पुढे गेली होती. सरांचे हात शिवशिवले. दार ढकलावं, तिच्याशी वाकावं, अगं बाळा अशी मांड, म्हणावं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले.

घंटा झाली. भिंगरी बाहेर आली ती गाल फुगवून.

"एक सोडला. आणि शेवटच्या दोनपर्यंत पोचलेच नाही. तो कुंपणाचा त्रिकोण, आजोबा! तीन अधिक चार अधिक आठ, पंधरा, हे मला पण येतं. पण म्हटलं, मांडून बघू. तर तो मिटतच नाही! शेवटी मी प्रश्नाखाली शंका लिहायची चौकट असते ना, तिच्यात लिहिलं, की असा त्रिकोण असूच शकत नाही. मग वाटलं, चूक माझीच असेल. तार चुकली असेल. म्हणून परत मोजल्या खाचा. परत मांडला."

सर दचकले. वर्णनातच आपण काही चुकीचं लिहिलं की काय? तिनाच्या जागी पाच होता का? त्यांनी थेट जाऊन मूळ चित्र काढलं. आठ, चार, तीन. शब्द आणि चित्र अगदी एकसारखे.

त्यांनी भिंगरीची फळी मागून घेतली. आठाची तार आडवी ठेवली. एका टोकाला चाराची, दुसऱ्या टोकाला तिनाची. दोन्ही आतल्या बाजूला झुकवल्या. आणखी झुकवल्या. अगदी आठाच्या तारेवर निजवल्या. तरी दोघींच्या टोकांमध्ये एक सेंटिमीटरची फट राहिलीच. तीन आणि चार मिळून सातच, आणि पोचायचं होतं आठापर्यंत. टोकं भेटणार कुठून?

मग त्यांनी मोठ्याने हाक मारली. "अगं ए, सात पायांचा घोडा! जरा इकडे ये!"

प्रमुखबाई आल्या. सरांनी काही सांगितलं नाही. नुसती फळी पुढे केली आणि चित्राकडे बोट दाखवलं. प्रमुखबाईंनी तारा झुकवल्या. सरळ केल्या. पुन्हा झुकवल्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग हळूहळू गुलाबी होत गेला.

"मी आधी पाच लिहिले होते," त्या पुटपुटल्या. "मग उत्तर सोपं यावं म्हणून बदलून तीन केले. आणि समितीच्या तिघांचा वेळ सोळाव्यालाच संपला. सर, तुम्ही मला विचारलं होतंत. मी तुम्हाला म्हटलं, ड्रॉइंगचा डोळा बाजूला ठेवा."

"ठेवला होता. पण हिच्याकडे बोटं होती."

भिंगरी कान टवकारून ऐकत होती. "म्हणजे चूक माझी नव्हती?"

"तुझी नव्हती, बाळ."

"आजोबांची पण नव्हती?"

"माझी होती," प्रमुखबाई म्हणाल्या. "भिंगरी, नऊशे मुलांनी तो त्रिकोण डोळ्यांनी बघितला आणि पंधरा लिहून पुढे गेली. तुझ्याशिवाय कुणाला शंका आली, ते मी आता शोधते."

दुपारी शंकेच्या चौकटी उघडल्या गेल्या. सगळ्या परीक्षेत मिळून एकशे दोन शंका होत्या. त्यांतल्या बहुतेक "परीक्षा कधी संपणार?" अशा. सतराव्या चित्राखाली एकच होती. समितीने तो प्रश्न सर्वांसाठीच रद्द केला. भिंगरीने त्यावर घालवलेल्या दहा मिनिटांचं काय, असं प्रमुखबाईंनी विचारलं, पण तिने स्वतःच नको म्हटलं. "वेळ माझाच गेला. मला मजा पण आली."

निकाल लागला, तेव्हा सर घरी होते. फोन काकूंनी उचलला. ऑपरेटरची सवय, त्यांनी आधी नीट ऐकून घेतलं, मगच तोंड उघडलं.

"अहो, तुमची ती भिंगरी अडतिसावी आली. चाळिसांत आहे. आणि त्या सातांतली आणखी दोघं पण. ग्रुपमध्ये परत घेतलंय म्हणे तिला. आणि ती रागावलीय."

"आता कशाला?"

"म्हणते, त्या त्रिकोणाने माझे दहा नंबर खाल्ले."

सर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

गणितवर्गाच्या पहिल्या दिवशी प्रमुखबाईंनी सर आणि काकूंना मुद्दाम बोलावलं होतं. चाळीस मुलं बसली होती. प्रत्येकाच्या समोर एक फळी, जुन्या ट्यूबचं रबर आणि खाचा पाडलेल्या तारांचा एक एक गठ्ठा. सायकलवाल्यांनी आठवडाभर दुसरं काही केलं नव्हतं, असं त्यांच्या बोटांवरच्या पट्ट्यांवरून दिसत होतं. फळा पडद्याने झाकलेला होता.

"आज कुणी फळ्याकडे बघायचं नाही," प्रमुखबाई म्हणाल्या. "सर चित्र सांगतील. तुम्ही मांडायचं. ज्याची टोकं भेटणार नाहीत, त्याने हात वर करायचा, आणि लाजायचं नाही. मी पण लाजले नाही."

"थोडी लाजलात," पहिल्या रांगेतून भिंगरी म्हणाली. "ऐकू येत होतं."

सर उभे राहिले. त्यांनी सवयीने बोट उचललं, फळ्याकडे वळवलं, मग हसून ते मुठीत मिटलं. "एक त्रिकोण," ते म्हणाले. "एक बाजू सहाची. दुसरी पाचाची. तिसरी..." आणि ते थांबले. पुढचा आकडा त्यांनी सांगितला नाही.

"तिसरी किती, आजोबा?" मुलं ओरडली.

"ते तुम्ही सांगायचं. कुठली चालेल आणि कुठली नाही."

चाळीस फळ्यांवर तारा वाजू लागल्या. डोळस मुलंही नकळत डोळे मिटून बोटांनी चाचपत होती. शेवटच्या बाकावर काकूंनी पण एक फळी घेतली होती आणि त्या बाराची तार घट्ट धरून बसल्या होत्या.

"अहो," त्यांनी कुजबुजत विचारलं, "माझा मिटत नाहीये. सांगा ना काय चुकलं ते."

सरांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडे गेले.